व्हर्ना कुचेराचा शिक्का

क्लेटन ओवरगार्डने उभ्या आयुष्यात हजार यार्डांवरून एकच वस्तू धड टिपली, आणि ती निघाली कंपनीचं गोळीचा वेग मोजायचं यंत्र.

टिपायची होती असं नाही. टिपायची असती तर ती त्याच्याच्याने टिपली गेलीच नसती, यावर गावात दुमत नाही. क्लेटन बंदुकीच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता खरा, पण त्याचं काम गोळ्या झाडण्याचं नव्हे, त्यांच्याविषयी बोलण्याचं. डब्यावरचा मजकूर तो लिहायचा, कॅटलॉग तो लिहायचा, आणि जानेवारीतल्या मोठ्या प्रदर्शनासाठी जी छोटी फिल्म लागते तीही अलीकडे त्याच्याच गळ्यात पडली होती. त्या फिल्मसाठी ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो कॅमेरा, तिकाटणं आणि नवीन गोळ्यांची पन्नासाची पेटी घेऊन कंपनीच्या चांदमारीवर गेला.

चांदमारी म्हणजे गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांमधली एक लांबच लांब गवताळ पट्टी. तिच्या अलीकडच्या टोकाला एक पत्र्याची शेड आणि बाकडं, पलीकडच्या टोकाला मातीचा बांध, आणि मध्ये हजार यार्ड नेब्रास्काचा वारा. दोन्ही टोकांना एकेक यंत्र. पहिलं सांगतं, गोळी निघाली तेव्हा तिचा वेग काय होता. दुसरं सांगतं, पोचली तेव्हा काय उरला होता. मधल्या मध्ये हवेनं किती खाल्लं त्यावरून एक आकडा निघतो. त्याला बॅलिस्टिक कोएफिशंट असं भारदस्त नाव आहे. अर्थ एवढाच, की गोळी हवेला किती जुमानते. आकडा मोठा, म्हणजे गोळी हवेला भीक घालत नाही. हा आकडा डब्यावर छापतात, आणि दुकानात गिऱ्हाईक डबा उचलून आधी तोच बघतं, जसं लग्न जमवताना लोक मुलाची उंची बघतात. आणि उंचीसारखाच तोही छापताना थोडा वाढतो.

ही दोन्ही यंत्रं व्हर्ना कुचेराच्या ताब्यात होती. व्हर्ना त्रेसष्ट वर्षांची, उंच, करड्या केसांची, अंगात बारा महिने तोच कॅनव्हासचा कोट. त्या दुपारी पलीकडच्या यंत्राची बॅटरी उतरली म्हणून ती नवी आणायला कारखान्यात निघाली, आणि जाताना क्लेटनला दोन गोष्टी सांगून गेली. मी येईपर्यंत गोळी झाडू नकोस. आणि पत्र्याला हात लावू नकोस.

पत्रा म्हणजे पलीकडच्या यंत्रापुढे उभी केलेली जाड पोलादी ढाल. तीन वर्षांत चुकार गोळ्यांनी तिचा चेहरा देवीचे व्रण उठल्यासारखा झाला होता. नेम या ढालीच्या फूटभर वर धरायचा, गोळी तिथून निघून जाते, खाली यंत्र तिचा आवाज ऐकतं. क्लेटनने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्याला वाटलं, ज्या फिल्ममध्ये आपण नव्या गोळीला ‘अतुलनीय अचूक’ म्हणणार, तिच्यात हे चाळणी झालेलं पोलाद बरं दिसणार नाही. त्यानं पत्रा ओढून बाजूला ठेवला. मग परत आला, तर सूर्य कलायला लागलेला. एकच गोळी, त्यानं मनाशी म्हटलं. फोनमधल्या हिशेबाच्या ॲपात नव्या गोळीचा आकडा घातला, ॲपनं सांगितलं तितकी बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवली, श्वास रोखला आणि चाप ओढला.

व्हर्ना परतली तेव्हा तो यंत्रापाशी उभा होता आणि यंत्राच्या बरोब्बर मध्यभागी भोक होतं. आतल्या वायरी बाहेर आल्या होत्या.

तिनं नवी बॅटरी गाडीच्या टपावर ठेवली. कोटाच्या खिशातून मोजपट्टी काढली, नेमाच्या खुणेपासून भोकापर्यंत लावली आणि वहीत लिहिलं: सव्वासोळा इंच.

“दुर्बिणीत कुठला आकडा घातलास?” तिनं विचारलं.

“डब्यावरचा.”

“डबा अजून छापलेला नाही.”

“छापायचा आहे तो. सहाशे दहा.”

तिनं मान हलवली आणि वही मिटली. क्लेटनची अपेक्षा होती की ती त्याला झापेल. झापलं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं, एखादा विनोद करता आला असता. पण व्हर्नाला झापताना कुणी पाहिलंच नव्हतं, निदान तीन वर्षांत तरी नाही. ती वायरी गोळा करू लागली आणि तो पत्रा जागेवर ठेवू लागला. आता पत्र्याला राखायला मागे काही नव्हतं.

इथं सहाशे दहाचं सांगायला हवं. छापताना तो शून्य दशांश सहा एक शून्य असा येतो, पण या धंद्यातले लोक तोंडानं सहाशे दहाच म्हणतात. नवीन गोळीचं नाव मेडोलार्क. नाव क्लेटननेच ठेवलेलं. मेडोलार्क हे इथल्या कुंपणावर बसून शीळ घालणारं पिवळ्या पोटाचं पाखरू. ते एका खांबावरून फार तर तिसऱ्या खांबापर्यंत उडतं. हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत नाव मंजूर झालं होतं. गोळीचा आराखडा करणाऱ्या संगणकानं तिला सहाशे दहा दिला होता. व्हर्नानं गेल्या आठवड्यात पहिल्यांदा मोजला, तर तो पाचशे साठच्या आसपास भरला. हजार यार्डांवर या फरकाचा अर्थ हातभर खाली. हरणाच्या काळजावर नेम धरला तर गोळी पायात, आणि ते बिचारं जन्मभर लंगडत किंवा कुठल्या तरी नाल्यात दोन दिवसांनी.

कंपनीचे मालक हार्लन टीडमन वाईट माणूस नव्हते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारे, कामगाराच्या घरी बाळ झालं की स्वतः ब्लँकेट घेऊन जाणारे. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. या धंद्यात सगळेच जण वजन करताना काट्यावरून एक पाय उचलतात. कुणी भर उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन विरळ हवेत मोजतो. कुणी पहिल्या दोनशे यार्डांपुरतंच मोजतो, जिथे गोळी अजून ताज्या दमाची असते. कुणी मोजतच नाही, संगणकाला विचारतो. आणि संगणक माणसासारखाच असतो, ज्याचं खातो त्याला गोड बोलतो. शेजारच्या कपाटात बाकीच्यांचे सहाशे वीस आणि सहाशे पंचवीस मांडलेले असताना आपण पाचशे साठ छापला, तर गिऱ्हाईक आपल्याला प्रामाणिक म्हणणार नाही. ते म्हणणार, यांची गोळी फुसकी आहे.

मग छापावा ना त्यांनी सहाशे दहा. अडचण शिक्क्याची होती.

टीडमनच्या प्रत्येक डब्यात गोळ्यांवर एक चिठ्ठी असते, दोन बोटं रुंद. तिच्यावर रबरी शिक्क्यानं मोजलेला आकडा आणि मोजणाऱ्याची अक्षरं. ही रीत ऑरिन कुचेरानं पाडली. तो व्हर्नाचा नवरा, तिच्या आधीचा मोजणारा. लांबून नेम मारणारी मंडळी डबा उघडली की आधी चिठ्ठी बघतात; डब्यावर काहीही असो, चिठ्ठीवर ‘ओ. के.’ असलं की लोक खुशाल दुर्बीण फिरवायचे. ऑरिन कुचेराची आद्याक्षरं ओ. के. पडावीत यावर क्लेटनने पहिल्या वर्षी तीन जाहिराती काढल्या होत्या. ऑरिन गेल्यावर शिक्का बदलला आणि ‘व्ही. के.’ झाला. चिठ्ठीच नसलेला डबा दुकानात गेला तर फोन येणार, पत्रं येणार. म्हणून हार्लनना चिठ्ठीही हवी होती आणि तिच्यावर सहाशे दहाही हवा होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मजकूर छापखान्यात जायचा होता, नाहीतर जानेवारीचं प्रदर्शन हुकणार. आणि व्हर्नानं शिक्का मारला नाही, तर मोजणी हा खर्चच बंद करायचा, चांदमारीच्या जागेचा भाडेकरार सोडून द्यायचा, असंही त्यांनी सोमवारी तिला सांगितलं होतं. मोजणी बंद म्हणजे व्हर्ना घरी. सांगताना त्यांनी तिला पेपरमिंटची गोळी दिली. तिनं ती घेतली.

त्यामुळे यंत्राला भोक पडल्याची बातमी कारखान्यात आली तेव्हा लोकांनी क्लेटनकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, मालकानं सांगितलं असणार. एकीनं त्याला तोंडावर विचारलं, की नेम एवढा चांगला कधीपासून झाला. क्लेटन हसला. त्याला राग यायला हवा होता. पण एकोणीस वर्षं ‘अतुलनीय’, ‘अजोड’ आणि ‘काळीज थांबवणारी अचूकता’ लिहून लिहून त्याचं काहीतरी आत झोपलं होतं. दातांच्या डॉक्टरनं सुई मारली की ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, कॉफी प्यायला गेलं की हनुवटीवरून ओघळते, तसं.

हार्लननी दोघांना बोलावलं. क्लेटनला त्यांनी काही म्हटलं नाही, उलट खांद्यावर हात ठेवला, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग ते व्हर्नाकडे वळले. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र आधीच बिघडलेलं असलं पाहिजे, म्हणून गेल्या आठवड्याचं मापही धरता येणार नाही. नवं यंत्र यायला सहा आठवडे. तेव्हा आता हातात आहे तो संगणकाचा आकडा.

“अगं, आपण काय खोटं बोलतोय का?” ते म्हणाले. “मोजता येत नाही म्हणून मोजलं नाही, एवढंच.”

“येतं,” व्हर्ना म्हणाली.

“कशानं?”

“कागदानं. ऑरिन मोजायचा तसं. बुधवार-गुरुवार लागेल. खाली खड्ड्यात एक माणूस लागेल.”

हार्लननी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, माणूस मिळाला तर मोज. कारखान्यात त्या आठवड्यात सगळ्यांची दोन पाळ्यांची धावपळ होती, हे त्यांना ठाऊक होतं. रिकामा एकच होता, आणि तो तिथंच खांद्यावर हात घेऊन उभा होता.

अशा रीतीनं जाहिरातवाला क्लेटन ओवरगार्ड बुधवारी सकाळी मटणाच्या दुकानातून तपकिरी कागदाचा भलामोठा रोल घेऊन चांदमारीच्या पलीकडच्या खड्ड्यात उतरला.

हा खड्डा माणसाच्या उंचीचा, पुढं मातीचा बांध, वर लाकडी चौकट. चौकटीवर कागद ताणायचा, गोळी कागदातून जाते, मग चौकट खाली ओढायची, भोक मोजायचं, आणि रेडिओवर आकडा सांगायचा. पहिलं यंत्र येण्यापूर्वी तेवीस वर्षं आणि ते आल्यानंतरही, व्हर्ना वर बंदुकीशी आणि ऑरिन इथं खाली, असंच ते मोजत. खड्ड्यात त्याची घडीची खुर्ची अजून होती. पट्ट्यांचा निळा रंग उडाला होता. क्लेटनने आधी ती झटकली, मग बसला, मग उठून तिच्याशेजारी उलट्या बादलीवर बसला.

ऑरिन याच खड्ड्यात गेला, बसल्या जागी हृदय थांबून. येत्या नोव्हेंबरात त्याला तीन वर्षं होणार होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अठरा गोळ्यांचे आकडे त्यानं रेडिओवर सांगितले, एकोणिसावीचा सांगितला नाही. व्हर्नाला वाटलं, रेडिओची बॅटरी गेली. तिनं पाच मिनिटं वाट पाहिली, मग गाडी काढली. त्या दिवशीचं वहीचं पान क्लेटनने पुढं कधीतरी पाहिलं होतं. एकोणिसाव्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘वाचन नाही.’ अक्षर नेहमीसारखंच.

गावातल्या बायकांनी तिच्या घरी झाकणाच्या भांड्यांतून जेवणं पोचवली. तिनं गुरुवारपर्यंत सगळी भांडी घासून, नावांच्या चिकटपट्ट्यांसकट ज्याची त्याला परत केली. सोमवारी ती कामावर. मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात द्यायची तर गावात लिहिता येणारा माणूस एकच, म्हणून ती क्लेटनने लिहिली. चांगली लिहिली होती. ‘तीस वर्षांची निष्ठावान सेवा’ असं त्यात होतं. व्हर्नानं वाचून फक्त तेवढं खोडलं आणि वर लिहिलं, एकोणतीस वर्षं सात महिने. मग तिनं हार्लनकडून दुसरं यंत्र मागून घेतलं आणि ते खड्ड्याच्या वर बसवलं. तेव्हापासून खाली कुणी माणूस बसवला नाही.

त्याच यंत्राला क्लेटनने भोक पाडलं होतं. हे त्याला आधीही माहीत होतं, पण बादलीवर बसल्यावर जरा जास्त माहीत झालं.

बुधवार नीट गेला. वर कडाड असा आवाज व्हायचा, जणू कुणी आभाळाचं कापड फाडलं, मागाहून बंदुकीचा ठोका. तो चौकट ओढायचा, मोजायचा, रेडिओवर सांगायचा. वरून व्हर्ना “लिहिलं” म्हणायची. दर दहा गोळ्यांनी ती हवेचा दाब, तापमान, वारा स्वतःशी पुटपुटल्यासारखी सांगायची आणि गोळी निघतानाचा वेग. मध्येच त्यानं विनोद करून पाहिला. म्हणाला, व्हर्ना, मी इथे बसून तुझ्याकडून गोळ्या खातोय, आमच्या घरी हेच बायको फुकट करते. रेडिओ थोडा वेळ खरखरला, मग ती म्हणाली, “इंच सांग.” त्यानं इंच सांगितले. पण त्याला शपथेवर सांगता आलं असतं की खरखरीच्या आधी काहीतरी होतं, हसण्याच्या जवळपासचं. नसेलही. रेडिओ जुना होता.

गुरुवारी तो गावातून दोन रुंझा घेऊन आला. कोबी आणि खिम्यानं भरलेला तो गरम पाव गुरुवारीच ताजा मिळतो. एक तिला वर दिला, एक आपला खाली नेला. पस्तिसावी गोळी गेली, त्यानं चौकट ओढली, तोंडात रुंझा, हातात मोजपट्टी, आणि गुडघ्यावरचं थर्मासचं झाकण कलंडलं. उकळती कॉफी मांडीवर. तो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला, कोट काढू लागला, आणि या सगळ्या गडबडीत रेडिओ बादलीमागच्या वाळूत पडला. पडलेल्या रेडिओतून त्याला तिचा आवाज ऐकू आला.

“क्लेटन.”

तो पँटीवर रुमाल दाबत होता. सांगतो, सांगतो, असं तो हवेतच म्हणाला.

“क्लेटन.”

त्यानं वाळूत हात घातला. रेडिओ सापडला, बटण वाळूनं अडकलेलं. फुंकर मारली, दाबलं, परत दाबलं. अर्धा मिनिट गेलं असेल, फार तर पाऊण. मग त्याच्या लक्षात आलं की रेडिओतून काहीच येत नाही, आणि इंजिनाचा आवाज मात्र येतोय.

तो शिडी चढून बांधावर आला. गवताच्या पट्टीच्या मधोमध, पाचशे यार्डांवर, तिची पिकअप धूळ उडवत सरळ त्याच्याकडे येत होती. रस्ता सोडून, गवतातून. तिनं शेडमधली बंदूक तशीच बाकावर टाकली होती, गाडीचं दार उघडंच होतं, ते धडधड आपटत होतं. क्लेटनने दोन्ही हात वर केले, एका हातात रुंझा होता.

गाडी थांबली. काचेमागं तिचा चेहरा त्याला दिसत होता, म्हणजे चेहरा होता एवढं दिसत होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं हात बाहेर काढून दार ओढून लावलं, गाडी वळवली, आणि आली त्याच चाकोरीनं सावकाश परत गेली.

त्यानं रेडिओ साफ केला. बऱ्याच वेळानं त्यात खरखर झाली.

“पस्तीस,” ती म्हणाली. “इंच सांग.”

त्यानं सांगितले. उरलेल्या पंधरा गोळ्यांचेही सांगितले, प्रत्येक वेळी गोळीचा आवाज विरायच्या आत. आणि विनोद केला नाही.

शुक्रवारी दुपारी व्हर्नानं एक कागद हार्लनच्या टेबलावर ठेवला. दोन दिवसांच्या शंभर गोळ्या, दोन तापमानं, खाली एकच ओळ: ०.५६१, व्ही. के. हार्लननी तो वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते नुसते दमलेले दिसत होते. त्यांनी क्लेटनला आत बोलावून सांगितलं की मजकुरात सहाशे दहाच जाऊ दे, चिठ्ठ्या यंदा टाकायच्याच नाहीत, आणि व्हर्नाशी ते सोमवारी बोलतील. बोलतील म्हणजे काय हे तिघांनाही कळत होतं. व्हर्ना बाहेर पॅकिंगच्या टेबलाशी शिक्का पुसत होती, आठवडा संपला की पुसते तसा.

क्लेटन आपल्या खोलीत येऊन बसला. समोर मेडोलार्कचा डबा होता, पिवळा, त्यावर त्यानंच निवडलेली अक्षरं. आकड्याची जागा रिकामी. एकोणीस वर्षांत त्यानं अशा किती जागा भरल्या होत्या आणि भरताना त्याला कधीच काही वाटलं नव्हतं. आत्ताही फार काही वाटत होतं असं नाही. फक्त बांधावर उभं राहून हात वर केला होता तो हात अजून तसाच वर असल्यासारखा जड झाला होता. कागद हार्लनकडेच राहिला होता. पण आकडा क्लेटनला पाठ होता. त्यानं तो घातला, छापखान्याला धाडून दिला, संगणक बंद केला आणि घरी जाऊन गवत कापलं.

सोमवारी हार्लननी तिला काही सांगायच्या आत त्यानं त्यांना सांगून टाकलं. ते बराच वेळ पेपरमिंटच्या बरणीशी खेळत बसले.

“चाळीस हजार डबे, क्लेटन,” ते म्हणाले.

“हो.”

“परत छापले तर प्रदर्शन हुकणार.”

“हो.”

“म्हणूनच केलंस.”

क्लेटनने तसा विचार केला नव्हता, पण विचार केल्यासारखा चेहरा केला. हार्लन त्यानंतर ईस्टरपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. थाळी फिरवताना त्याच्या रांगेला ती दुसऱ्या माणसाकडे द्यायचे. पण डबे गेले, आणि डबे गेले म्हणजे चिठ्ठ्या जाणं आलंच, आणि चिठ्ठ्या म्हणजे मोजणारीही आलीच. चांदमारीच्या कराराचा विषय कुणी परत काढला नाही.

प्रदर्शनात मेडोलार्क बेताची खपली. शेजारच्या दालनात सहाशे पंचवीसवाल्यांकडे गर्दी जास्त होती. एक म्हातारा शिकारी डबा उलटासुलटा करून म्हणाला, आकडा बारीक आहे तुमचा. क्लेटन म्हणाला, हो, आहे. एवढं छोटं वाक्य त्यानं या दालनात कधी वापरलं नव्हतं. म्हाताऱ्यानं दोन डबे घेतले.

पण हे पुढचं. छापलेले डबे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले तेव्हा बाहेर बर्फ होतं. व्हर्ना पॅकिंगच्या टेबलाशी कोट घालूनच बसली होती, पुढ्यात चिठ्ठ्यांची चळत आणि शाईचा पॅड. शिक्क्याची आकड्यांची चाकं तिनं आधीच लावून ठेवली होती. ठप, बाजूला. ठप, बाजूला. तिच्या हाताला पाहून कुणाला वाटलं असतं की हा हात जगाच्या सुरुवातीपासून हेच करत आलाय.

क्लेटनने नवा डबा उघडून तिच्यासमोर ठेवला. पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: ०.५६२. तिनं डबा उचलला, दिव्याखाली धरला, पाहिला, खाली ठेवला. परत शिक्का उचलला.

तो तिथंच घुटमळत राहिला. सात आठवडे तो हा प्रश्न तोंडात घोळवत होता. यंत्राविषयी, कॉफीविषयी, त्या गाडीविषयी काही विचारायची त्याची छाती नव्हती. एवढं एकच विचारता येण्यासारखं होतं.

“व्हर्ना,” तो म्हणाला, “खरा आकडा डब्यावर गेला. काहीतरी वाटलं की नाही तुला?”

तिनं एक चिठ्ठी छापली, शाई वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर घातली आणि ती त्याच्या डब्यात ठेवली.

“पाचशे एकसष्ट होता,” ती म्हणाली.